मोठ्या दुर्बिणीचं खरं काम नंतर सुरू होतं

सुपरनोव्हांवरचा, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड स्फोटांवरचा, तुमचा लेख आवडला, पण त्यातलं ‘मोठ्या दुर्बिणी सुपरनोव्हा शोधतात’ हे वाक्य थोडं खटकलं. मे 2023 मध्ये एम-101 दीर्घिकेत फुटलेला तारा जपानच्या कोइची इतागाकी या हौशी निरीक्षकाने पकडला होता. मोठ्या आरशाची गरज पुढे लागते, तारा मंदावल्यावर.

आमच्याकडे रावेरला केळीला रात्रीच्या लाइटीवर पाणी भरावं लागतं, म्हणून आकाश आपोआप पाहून होतं. त्या मे महिन्यात मित्राची आठ इंची दुर्बीण बांधावर लावली. सप्तर्षीच्या शेपटीतल्या वसिष्ठ आणि मरीचीच्या वरच्या अंगाला, धूसर डागात, म्हणजे त्या दीर्घिकेत, एक टिपका दिसला. तोच तो फुटलेला तारा. सुमारे 2 कोटी 10 लाख प्रकाशवर्षांवरचा! (तेवढ्यात मोटर बंद पडली, ते वेगळं.) काही महिन्यांनी तोच टिपका आमच्या दुर्बिणीच्या आवाक्याबाहेर गेला.

पण मजा तिथेच आहे. स्फोटात तयार झालेल्या निकेलचं कोबाल्ट होतं, कोबाल्टचं लोखंड. कोबाल्ट-56 (कोबाल्टचा किरणोत्सारी प्रकार) दर 77 दिवसांनी निम्मं होतं, आणि उतरता प्रकाश बराचसा त्यातून सुटणाऱ्या ऊर्जेच्या जोरावर चालतो. बाहेरचा वायू विरळ होत गेला की आतलं द्रव्य दिसू लागतं. त्या फिक्या उजेडाचा वर्णपट घ्यायला, म्हणजे त्याची रंगांत फोड करायला, लडाखमधल्या हान्लेची 2 मीटर आरशाची किंवा नैनितालजवळच्या देवस्थळची 3.6 मीटर आरशाची, अशी मोठी दुर्बीणच हवी.

1987 साली मोठ्या मॅगेलन मेघात (आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेत) फुटताना दिसलेल्या ताऱ्याच्या अवशेषाचा अभ्यास तर अजून चालूच आहे. त्यावर स्वतंत्र लेख लिहा ना.