पेडलवर पाय ठेवला की आवाज जातो, मग क्लचही जातो

“जुन्या गाडीचा क्लच वाजतोय? गॅरेजवाल्याचे खिसे भरण्याआधी हे वाचा!” असा एक लांबलचक मेसेज गेले दोन महिने फिरतोय. मला तो चार ग्रुपांवर आला. तीन वेळा मी न वाचता पुढे गेलो. चौथ्या वेळी तो आमच्या दाजींनी टाकला होता, वर पावतीसकट: “करून बघितलं. आवाज बंद. खर्च शून्य.”

दाजी पाटणला असतात. २०१२ ची ओम्नी आहे, लग्नाकार्याची भांडी वाहून तिचं अंग खिळखिळं झालंय, पण चालते. त्या पावतीनंतर आठव्या दिवशी ताई आणि भाच्याला घेऊन ते चिपळूणहून परत येत होते. कुंभार्ली घाट अर्धा चढला आणि इंजिन नुसतंच ओरडायला लागलं. ॲक्सिलरेटर दाबला तर आवाज वाढतोय, गाडी मात्र बैलगाडीच्या चालीने. वर जळका वास, बाहेर पाऊस, आणि पुढे वळण. दगड लावून चाकं अडवली, तासभर थंड केली, मग पहिल्या गिअरमध्ये रांगत रांगत वर आणली. ताईचा मला फोन आला तेव्हा तिने दाजींबद्दल जे शब्द वापरले ते इथे लिहीत नाही.

म्हणून हा मेसेज आता सविस्तर वाचला. सहा मुद्दे आहेत. सगळ्यात घातक आधी घेतो, कारण दाजींना तोच भोवला.

“हाउसिंगच्या भोकातून किंवा फटीतून गंज काढायचा स्प्रे मारा, किंवा थोडं इंजिन ऑईल सोडा. आवाज लगेच बंद.”

(हाउसिंग म्हणजे क्लचवरचं धातूचं आवरण.) हे लिहिणाऱ्याने क्लच उघडलेला कधी पाहिलेला नाही. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारी जड चकती, आणि स्प्रिंगच्या जोराने दाबणारी प्रेशर प्लेट यांच्या मध्ये क्लच प्लेट दाबून धरलेली असते. ती दोघांना घट्ट चिकटून फिरते म्हणून इंजिनाची ताकद चाकापर्यंत जाते. हा सगळा खेळ कोरड्या घर्षणावर चालतो. तिथे तेल सोडणं म्हणजे ब्रेकच्या लायनरला तूप लावणं. मोटरसायकलचा क्लच तेलात बुडालेला असतो, हे खरं. बहुतेक मोटरसायकलींची रचनाच तशी असते आणि त्यांना तेलही त्या जातीचं लागतं. ओम्नी, अल्टो, बोलेरो, सुमो यांचा क्लच कोरडा.

बरं, आवाज ज्या रिलीज बेअरिंगचा (पेडल दाबलं की प्रेशर प्लेटला ढकलून क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगचा) असतो ते बंद बेअरिंग असतं. ग्रीस कारखान्यातच भरून येतं. बाहेरून मारलेला स्प्रे आत जाऊन त्याला वंगण देईल ही आशा व्यर्थ. उलट, असले स्प्रे पातळ असतात, आत थोडे झिरपलेच तर असलेलं ग्रीस धुऊन काढतात. डब्ल्यूडी-४० च्या नावातला डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणारं. १९५३ साली सॅन दिएगोत ते बनलं ते धातूला गंज लागू नये म्हणून. फिरत्या बेअरिंगला वर्षानुवर्षं वंगण देणं हे त्याचं काम नव्हे.

मग दाजींचा आवाज बंद कसा झाला? खरंच झाला होता, ते खोटं बोलले नव्हते. गिअरबॉक्स उतरवल्यावर मिस्त्रीने दाखवलं. बेअरिंग ज्या नळीवर मागेपुढे सरकतं ती नळी गंजली होती. स्प्रेने ती चार दिवस ओली राहिली, किरकिर थांबली. आणि उरलेला स्प्रे फिरत्या भागांनी उडवून थेट प्लेटवर नेला. प्लेट काळी, तेलकट. फ्लायव्हीलवर निळे डाग, म्हणजे घसरून घसरून तापलेलं. बेअरिंग हातात धरून फिरवलं तर वाळू भरल्यासारखं खरखरत होतं, स्प्रेच्या आधी जसं असणार तसंच.

जुगाडाला माझा सरसकट विरोध नाही. रेडिएटर गळायला लागला की हळद टाकून गावापर्यंत पोचणारी माणसं मी पाहिलीत, आणि तेवढ्यापुरतं ते निभावतंसुद्धा. पण हळदीने निदान गळती तरी थांबते. हा स्प्रे धडका पार्ट नासवतो.

“आवाज येत असेल तर पेडलवर हलका पाय ठेवून चालवा.”

याची मला सगळ्यात जास्त चीड येते, कारण हे चालतं. पाय ठेवला की आवाज खरंच जातो! ओम्नीसारख्या केबलच्या गाडीत पेडलला वरच्या बाजूला थोडी मोकळी चाल असते. त्या चालीत रिलीज बेअरिंग सुटं असतं, झिजलं की खुळखुळतं. पाय टेकवला की ते प्रेशर प्लेटच्या बोटांवर, म्हणजे तिच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांवर, दाबलं जातं आणि गप्प बसतं. पण आता ते सतत इंजिनाबरोबर फिरत राहतं. जे बेअरिंग गिअर बदलताना काही सेकंद फिरायचं, ते कराड ते चिपळूण अखंड फिरणार. शिवाय पाय जरा जड पडला की प्लेटवरची पकड सैल होते, ती घसरते, तापते.

आणि हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. मारुतीच्या ओनर्स मॅन्युअलमध्ये स्पष्ट ताकीद आहे: क्लच पेडलवर पाय टेकवून गाडी चालवू नका, त्याने क्लच जास्त झिजतो, खराब होतो, किंवा इंजिनाचा ब्रेक अचानक सुटतो. शेवटचं परत वाचा. घाट उतरताना जो इंजिनाचा ब्रेक गाडीला आवरून धरतो, तो पायाच्या वजनाने नकळत सुटू शकतो. ते पुस्तक दाजींच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात, देवीच्या अंगाऱ्याच्या पुडीखाली, गाडी घेतल्यापासून पडून होतं.

“पेडल दाबल्यावर आवाज आला म्हणजे क्लच प्लेट गेली. फक्त प्लेट बदला, पूर्ण सेट हा विकायचा धंदा.”

एका वाक्यात दोन चुका. पेडल दाबल्यावर येणाऱ्या आवाजाचा प्लेटशी सहसा संबंध नसतो. आवाज *कधी* येतो ते ऐकायला हवं, आणि त्याला गॅरेज लागत नाही. गाडी सपाटीवर, हँडब्रेक ओढलेला, न्यूट्रल, इंजिन चालू. एकाने पेडल मारायचं, दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं.

पेडल दाबल्यावर घूंऽ किंवा खरखर सुरू झाली, सोडल्यावर थांबली, तर संशय रिलीज बेअरिंगवर. (नुसता पाय टेकवताच जाणारी खुळखुळही त्याचीच, ती वर सांगितली.) उलट असेल, म्हणजे पेडल सोडलेलं असताना आवाज आहे आणि पूर्ण दाबल्यावर जातो, तर बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं, म्हणजे क्लचमधून आत जाणाऱ्या दांड्याचं, बेअरिंग. तिथे नवा क्लच सेट घातला तरी आवाज तस्साच राहणार, आणि मग गॅरेजवाल्याशी भांडण. इंजिन बंद असतानाही पेडल मारल्यावर करकरतंय? केबल, पेडलचा बुश, नाहीतर बेअरिंग ढकलणाऱ्या फोर्कचा सांधा बघा. हे काम किरकोळ, केबल किंवा बुश असेल तर गिअरबॉक्सला हातही लागत नाही. क्लच सोडताना गाडी थरथरली तर तेलकट प्लेट, तापून खराब झालेलं फ्लायव्हील किंवा इंजिनाचं तुटकं माउंटिंग.

आता सेटचं. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग यांच्यापर्यंत पोचायचं तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. या तिघांत बेअरिंग सगळ्यात स्वस्त. ते तेवढं वाचवलं आणि सहा महिन्यांनी वाजलं, की मजुरी पुन्हा पहिल्यापासून. प्लेट गेल्याच वर्षी घातलेली असेल आणि नुसतं बेअरिंग वाजत असेल तर तेवढंच बदला, मी कोण अडवणार. पण गाडी उघडलीच आहे तर क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य दांड्याचं) मागचं ऑईल सील गळत नाही ना, हे स्वतः डोळ्यांनी बघा. ते गळत असेल तर नव्या प्लेटची गत दाजींच्या प्लेटसारखीच, स्प्रे न मारता.

“जुनी गाडी वाजणारच. आवाज म्हणजे आजार नव्हे.”

अर्धं खरं. नाइलाजाने मान्य करतो. रिलीज बेअरिंगची बारीक घूंऽ कितीतरी दिवस तशीच राहते, आणि पेट्रोल पंपापर्यंत, शेतापर्यंत जाणारी गाडी असेल तर सवडीने काम काढलं तरी चालेल. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपत आलीय आणि गाडी काढायचंच ठरलंय, तर कुणी क्लचवर खर्च का करावा, हाही प्रश्न रास्त आहे.

पण थांबायची हद्द कुठे, हे मेसेज सांगत नाही. घूंऽ ची खरखर झाली, पेडलला पायाखाली कंप जाणवायला लागला, किंवा गिअर पडताना अडायला लागला, की थांबू नका. बेअरिंग जाम झालं तर ते प्रेशर प्लेटची बोटं खातं, आणि मग क्लच सुटतच नाही. आणि घसरणं तर आवाजाच्याही वरचं. ते ओळखायचं असं: मोकळी सपाट जागा, समोर कुणी नाही, हँडब्रेक घट्ट, चौथा गिअर टाकायचा, थोडा रेस देऊन पेडल हळू सोडायचं. क्लच धड असेल तर इंजिन बंद पडेल. चालूच राहिलं तर प्लेट घसरतेय. एकदाच करा, हौसेने पाच वेळा नको, त्यानेच प्लेट जळते. अशा गाडीने घाट चढू नये. शेजारच्या गावापर्यंतसुद्धा जाऊ नये असं मी म्हणेन, पण लोक जातात.

“क्लच लाखभर किलोमीटर जातोच. आधी बदलायला सांगणारा चोर.”

क्लचला किलोमीटर कळत नाहीत, पाय कळतो. महामार्गावर चालणारी गाडी आणि चढावर हाफ क्लचवर लटकवून ठेवलेली, भांड्यांनी भरलेली गाडी यांचं आयुष्य एक कसं असेल? पुढे.

“हाउसिंगमधली काळी धूळ कंप्रेसरने उडवून टाका, आवाज कमी होतो.”

कमी होत नाही. आणि जुन्या प्लेटांच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार माणसाला कर्करोग करणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलेत. ती धूळ हवेत उडवायची नसते, ओल्या फडक्याने पुसायची असते. गॅरेजमधल्या पोराला हे तुम्हीच सांगा, कारण त्याला बहुधा कुणी सांगितलेलं नसतं.

दाजींचा हिशेब एवढाच: आधी जिथे एक बेअरिंग बदलून भागलं असतं, तिथे आता पूर्ण सेट, फ्लायव्हील लेथवर मारणं. घाटातून टेम्पोने ओढून आणायचं भाडं नाही पडलं हे नशीब. “खर्च शून्य” ही पावती मी त्यांना अजून पुसायला लावलेली नाही. ताईने लावली.