डावा पाय

मामांनी गुऱ्हाळ बंद केले, तेव्हा थोरल्या मामेभावाकडे जमीन गेली, धाकट्याकडे चरक आणि काहील गेली, आणि ‘भाच्यालाही काहीतरी द्यायला हवे’ या भावनेतून २००३ सालची एक पिकअप माझ्या दारात येऊन उभी राहिली. तिने जन्मभर शाहू मार्केट यार्डात गुळाचे रवे वाहिले होते. तिच्या हौद्यात मुंगळ्यांच्या काही पिढ्या अजूनही वडिलोपार्जित हक्काने नांदत आहेत. मी कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो आणि उष्णतेचे वहन, अभिसरण व प्रारण हा माझा हातखंडा विषय समजला जातो. हे आधीच सांगून टाकलेले बरे, कारण पुढच्या तीन महिन्यांत घरच्यांनी ही गोष्ट मला वारंवार ऐकवली.

गाडी पहिल्यांदा तापली ती जोतिबाच्या वाटेवर. मेहुण्याच्या मुलाचे जावळ होते आणि स्वयंपाकाची भांडी, तांदळाची पोती आणि दोन शेगड्या डोंगरावर पोहोचवण्याची कामगिरी माझ्याकडे आली होती. पंचगंगेवरचा पूल ओलांडून केर्लीपर्यंत गाडी शहाण्या मुलीसारखी आली. चढ लागताच मात्र इंजिनाचा आवाज वाढू लागला आणि वेग कमी होऊ लागला. मी ॲक्सिलरेटर जितका दाबावा तितके इंजिन ओरडे, पण चाके आपल्याच तंद्रीत फिरत. मग काहीतरी करपल्याचा वास आला. ‘अहो, तांदूळ लागला की काय?’ असे सौभाग्यवतींनी विचारले, तेव्हा तांदूळ अजून पोत्यात होता. तेवढ्यात तापमानाचा काटा लाल पट्टीत शिरला आणि बॉनेटच्या फटींतून वाफ येऊ लागली.

इंजिनाचे तापलेले पाणी थंड करणाऱ्या रेडिएटरचे झाकण दाबाखाली असते. त्यातला दाब वातावरणापेक्षा साधारण ०.९ बारने जास्त असला, तर आतले पाणी ११५ अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. पण झाकण उघडताच दाब उतरतो आणि त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होऊन ती उघडणाऱ्याच्या तोंडावर येते. हे मी दरवर्षी प्रेशर कुकरचे उदाहरण देऊन शिकवतो. त्या दिवशी मात्र खिशातला रुमाल काढून मी झाकणाकडे हात नेला होता. शेजारून चालत डोंगर चढणाऱ्या एका म्हाताऱ्या भक्ताने माझे मनगट धरले. ‘लेकरा, हात भाजून घेतोस व्हय? गप सावलीत बस जा,’ असे म्हणून तो ‘चांगभलं’ करत पुढे गेला.

अर्ध्या तासाने एका ट्रकवाल्याने खिडकीतून डोके काढून सल्ला दिला, ‘सर, हीटर लावा फुल!’ उन्हाने डांबर वितळत असताना हीटर लावायला सांगणाऱ्या माणसाविषयी माझे जे मत झाले, ते इथे लिहिण्यासारखे नाही. मात्र सल्ला शास्त्रशुद्ध होता. केबिनचा हीटर म्हणजे मुळात एक छोटा रेडिएटरच. इंजिनाचे गरम पाणी त्यातून फिरते आणि पंखा ती उष्णता आपल्या अंगावर सोडतो. इंजिनाचा ताप आपण वाटून घ्यायचा, एवढाच त्याचा अर्थ. उरलेला घाट आम्ही काचा उघड्या टाकून आणि हीटर पूर्ण सोडून चढलो. काटा लाल पट्टीतून खाली आला. आम्ही मात्र देवळाशी पोहोचलो तेव्हा जावळ कोणाचे आहे, याचा काही बायकांना संभ्रम पडला, कारण माझेच केस घामाने डोक्याला चिकटून दिसेनासे झाले होते.

कोल्हापुरात गाडी बिघडली की मेकॅनिक शोधावा लागत नाही. तोच आपल्याला शोधत येतो. गल्लीच्या तोंडावरच्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून, इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी थर्मोस्टॅटची झडप, म्हणजे त्याच्या भाषेत ‘व्हॉल’, काढून माझ्या हातात ठेवला. ‘हे बर्फातल्या देशातल्या गाड्यांचं काम. आपल्या हवेला ह्याची काय गरज?’ तर्क मला पटला. पटला म्हणजे इतका पटला, की मी तो व्हॉल घरी आणून पाण्याच्या पातेल्यात तापवला, सुमारे ८२ अंशांना तो कसा उघडतो हे मुलांना दाखवले आणि नंतर शोकेसमध्ये ठेवून दिला.

त्यानंतर सकाळी इंजिन तापेचना आणि चढावर तापायचे थांबेना. दुसऱ्याने रेडिएटर उतरवून धुतला. त्याच्या पत्र्यांच्या जाळीतून गुऱ्हाळावरच्या चिपाडाचा मूठ-दोन मूठ भुसा निघाला, तेव्हा मामांची आठवण येऊन मला भरून आले. आतून बोअरच्या पाण्याचा क्षार निघाला, तोही किटलीच्या बुडाशी साचतो तसा पांढरा आणि चिवट. याने थोडा फरक पडला, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. तिसऱ्याने केवळ माझे वर्णन ऐकून ‘हेड गॅस्केट’, म्हणजे इंजिनातले पाणी, ऑइल आणि जळणारा वायू एकमेकांत मिसळू न देणारी पट्टी, गेल्याचा निर्णय दिला. ऑइल दुधासारखे पांढरट झाले नव्हते आणि इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये बुडबुडेही येत नव्हते, हे मी दाखवल्यावर तो जरा हिरमुसला. चौथ्याचे म्हणणे होते की गाडी ओढत नाही याचा अर्थ गिअरबॉक्स गेला आहे, तो उतरवून खोलावा लागेल आणि आत काय निघेल ते देवच जाणे. गिअरबॉक्समधले ऑइल त्याने न पाहताच संपल्याचे सांगितले. मी वाकून बोट घातले, तर ते काठोकाठ होते. प्रत्येकाला आपापल्या औषधाचाच रोग दिसत होता, आणि मी तर सगळ्यांचीच औषधे आळीपाळीने घेत होतो.

शेवटी एका सहकाऱ्याने मला शिवाजी उद्यमनगरातल्या एका वस्तादांकडे पाठवले. आपल्याकडे वस्ताद हा शब्द तालमीत रुळला असला, तरी लेथ आणि पाना चालवणाऱ्यांनाही तो तितकाच शोभतो. या वस्तादांनी बॉनेट उघडले नाही. ‘एक चक्कर मारू या, सर,’ म्हणून ते शेजारी बसले आणि संपूर्ण फेरीभर त्यांनी ना काट्याकडे पाहिले, ना रस्त्याकडे. ते माझ्या पायांकडे पाहत होते. मला उगीचच चपला जुन्या असल्याची लाज वाटू लागली.

परत आल्यावर सपाट जागी त्यांनी मला हँडब्रेक पूर्ण ओढायला लावला, तिसरा गिअर टाकायला लावला, थोडा ॲक्सिलरेटर देऊन क्लच सोडायला सांगितले. धडधाकट क्लच असेल, तर इंजिनाने तिथेच आचका देऊन बंद पडायला हवे. आमचे इंजिन गाडी जागची हलत नसताना निवांत गुणगुणत राहिले. त्या शांततेत तोच करपल्याचा वास आला.

‘सर, डावा पाय कुठं ठेवताय चालवताना?’

‘क्लचवर,’ मी म्हणालो. ‘म्हणजे दाबत नाही, नुसता टेकवतो.’

‘नुसता,’ वस्ताद म्हणाले, आणि त्यांनी पोऱ्याकडे पाहिले. पोऱ्या दुसरीकडे बघून हसला.

मग त्यांनी जे सांगितले, ते मी वर्गात सांगितले असते तर विद्यार्थ्यांनी उतरवून घेतले असते. टेकवलेल्या पायाच्या वजनाने क्लच पूर्ण पकड घेत नाही, प्लेट घासत राहते आणि झिजते. झिजलेली प्लेट चढावर सटकते. इंजिनाची मेहनत चाकांपर्यंत पोहोचण्याऐवजी मध्येच उष्णता होऊन जाते आणि इंजिन जास्त फेरे मारून, जास्त डिझेल जाळून स्वतःही तापते. त्यात व्हॉल काढलेला. त्या झडपेचे काम नुसते उघडण्याचे नसते. पूर्ण उघडली की ती पाण्याची जवळची वाट बंद करते. ती नसल्यामुळे अर्धेअधिक पाणी रेडिएटरकडे न जाता तसेच गरम इंजिनात परत येत होते, अगदी हजेरी लावून मागच्या दाराने कँटीनला जाणाऱ्या मुलांसारखे. ‘व्हॉल हाय का टाकला?’ असे त्यांनी विचारले. तो शोकेसमध्ये, एका करंडकाशेजारी आहे, हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. मी नवा घ्या म्हणालो.

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग बदलले गेले. निघालेली प्लेट वस्तादांनी माझ्या हातात दिली. तिच्यावरचे रिव्हेट रस्त्यावरच्या दगडांसारखे उघडे पडले होते आणि कडेला निळसर झाक आली होती. गिअरबॉक्सला कोणी हात लावला नाही. बिल झाले, त्यात माझ्या पायाचा उल्लेख नव्हता, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. वीस वर्षे सायकलपासून स्कूटरपर्यंत कुठेही न चुकलेल्या माणसाने आपला डावा पाय ठेवायचा तरी कुठे? गुडघा वाकवून मागे घेतला तर सीटखालचा जॅक टोचतो, बाजूला नेला तर दाराचे हँडल लागते. पाय मोकळा दिसला की तो आपोआप क्लचकडे सरकतो आणि प्रत्येक वेळी शेजारच्या सीटवरून ‘अहो, पाय!’ अशी सूचना येते.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा जोतिबाला गेलो. वाटेत सौभाग्यवतींनी अकरा वेळा सूचना दिली. काटा निम्म्यावरून हलला नाही आणि हीटर बंद होता. वर गाडी लावून दर्शन घेऊन आलो, तर पुढच्या चाकाशी गुलाबी पाण्याचे थारोळे. माझ्या पोटात खड्डा पडला. रेडिएटरच्या पाण्यात घातलेला कूलंट गळतो आहे, हे उघड होते. मी उकिडवा बसून त्यात बोट बुडवले आणि वस्तादांना फोन लावला.

‘गुलाबी हाय?’ वस्तादांनी विचारले. ‘तोंडात घालू नका, सर. कूलंट गोड लागतंय, पण विष असतंय.’

‘मी शिक्षक आहे, मला ठाऊक आहे,’ मी जरा चिडून म्हणालो. ‘गळतंय कुठून ते सांगा.’

‘तुमच्या गाडीत आपण हिरवं घातलंय,’ वस्ताद म्हणाले. ‘जोतिबाच्या डोंगरावर गुलाबी म्हंजे काय असतंय?’

मी वर पाहिले. भिंती, पायऱ्या, गाड्यांचे टप, म्हाताऱ्यांची टोपी, सगळे गुलालाने माखलेले होते. कोणीतरी हात धुतलेले पाणी उतारावरून माझ्या चाकाशी येऊन थांबले होते. बोटाला लागले होते ते कपाळाला लावून मी गाडीत बसलो. पहिल्याच वळणावर शेजारून आवाज आला, ‘अहो, पाय!’