बोअर खोल घ्या, टाकी बदला, झालं?

पेट्रोल पंपाजवळच्या बोअरला पेट्रोलचा वास यायला लागला की सोलापुरातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो. त्याचं म्हणणं असं: पेट्रोल पाण्यावर तरंगतं, म्हणून बोअर आणखी खोल घ्या, वास गेला की पाणी चांगलं, तोवर उकळून किंवा आरओचं प्या, पंपवाल्यानं जमिनीखालची गळकी टाकी बदलून माती उचलली की विषय संपला. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात हे लोकांना पटतं, यात नवल नाही. पण त्यातलं खरं काय, तर पेट्रोल तरंगतं एवढंच.

त्यातलं बेंझिन मात्र पाण्यात विरघळतं. आपल्याकडे पेट्रोलमध्ये ते कमाल १ टक्का चालतं, म्हणजे लिटरमागे पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. भागाकार करून बघा. एका लिटर पेट्रोलमधलं सगळं बेंझिन विरघळलं, तर पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेला टेकतं. आणि बेंझिननं रक्ताचा कर्करोग होतो, यावर आता वाद उरलेला नाही.

खोल बोअरचा सल्ला तर घातकच. आपल्याकडे वर काळी, मग मुरूम, खाली काळा पाषाण. पाणी चालतं ते पाषाणाच्या सांध्यांतून, भेगांतून. केसिंग, म्हणजे बोअरच्या आतला पाइप, सहसा मुरूम संपेपर्यंतच टाकतात, त्याखाली बोअर उघडा. वरच्या भेगेतलं खराब पाणी त्याच वाटेनं खालच्या चांगल्या भेगेत उतरतं. शिवाय मोटार जास्त चालवली की लांबचं दूषित पाणीही आपल्याकडे ओढलं जातं. शेजारचा बोअर स्वच्छ निघाला म्हणून आपलाही असेल, असं नाही. कुठली भेग कुठं जुळलीय ते वरून दिसत नाही.

वासावर तर अजिबात जाऊ नका. पाण्यातलं बेंझिन नाकाला कळतं ते लिटरला १० मिलिग्रॅमच्या सुमारास, म्हणजे मर्यादेच्या हजारपट झाल्यावर. उकळल्यानं ते उडतं खरं, पण उडून स्वयंपाकघराच्या हवेतच राहतं. आरओच्या पडद्यावर भिस्त ठेवता येत नाही. कार्बनचा फिल्टर बेंझिन धरतो, पण तो भरला की सोडायलाही लागतो, आणि भरला हे चवीवरून कळत नाही.

राहिली टाकी. ती बदलणं म्हणजे तोटी बंद करणं. सांडलेलं तसंच आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पेट्रोलही मागोमाग उतरतं, पावसाळ्यात पाणी चढलं की भेगांत अडकून बसतं आणि थोडं थोडं विरघळत राहतं. म्हणून माती उचलल्यावरही पुढच्या पावसाळ्यात वास परत येऊ शकतो. खरी सफाई म्हणजे आजूबाजूला निरीक्षणाचे बोअर घेणं, तरंगणारा थर उपसणं, मुरमातली पेट्रोलची वाफ पंपानं ओढणं, पाण्यात हवा सोडून जिवाणूंना कामाला लावणं. काळी चिकट, तिच्यातून हवा नीट फिरत नाही, त्यामुळे ती बहुधा खणूनच काढावी लागते. त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल. आपल्या ऊसपट्ट्याला त्याचं कौतुक आहे, असू द्या. पण जिवाणू आधी इथेनॉल खातात, त्यात ऑक्सिजन संपतो आणि बेंझिन न कुजता लांबवर जातं. हे काम महिन्यांचं नाही, वर्षांचं.

खर्च कोणाचा? प्रदूषण करणाऱ्यानं भरायचा, हे सर्वोच्च न्यायालयानं राजस्थानातल्या बिछडी गावाच्या प्रकरणात (रासायनिक कारखान्यांनी तिथलं भूजल नासवलं होतं) १९९६ मध्येच सांगितलं. २०२५ मध्ये केंद्रानं दूषित जागांसाठी वेगळे नियमही काढले. तेव्हा सोसायटीनं वर्गणी काढून नवा बोअर मारण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्यावी आणि तपासणीत बेंझिन नावानिशी मागावं. नेहमीच्या टीडीएस, क्षार, जिवाणूंच्या रिपोर्टात ते नसतं. नमुना प्रयोगशाळेच्या काचेच्या कुपीत, हवेचा बुडबुडा न ठेवता घ्यायचा आणि थंड ठेवून पोचवायचा. प्लॅस्टिकच्या अर्ध्या बाटलीतून नेलेल्या पाण्यातलं बेंझिन वाटेतच उडतं, आणि रिपोर्ट साळसूद येतो.