ढालीचा मुद्दा पटला नाही

अंतर्मुख माणूस रस्त्यावर छायाचित्रे काढताना कॅमेऱ्याची ढाल करून गर्दीत वावरतो, हे अंतर्मुखांच्या छंदांवरील लेखातील विधान मला मान्य नाही. रस्त्यावरचे छायाचित्रण बहुधा २८ किंवा ३५ मिमीच्या, म्हणजे रुंद दृश्य टिपणाऱ्या, लेन्सने होते आणि तिच्यासाठी अनोळखी माणसापासून दोन-तीन पावलांवर जावे लागते; लपायचेच असते, तर आम्ही छायाचित्रकार दूरचे जवळ दाखवणारी टेलिफोटो लेन्स घेऊन समोरच्या पदपथावर उभे राहिलो असतो. मी २८ मिमीवर लेन्सचे छिद्र लहान (एफ/८) ठेवून फोकस साधारण साडेतीन मीटरवर कायम करतो, म्हणजे पावणेदोन मीटरपासून पुढचे सगळे पुरेसे स्पष्ट येते आणि माझे लक्ष बटणांत न अडकता समोरच्या हातांवर, चेहऱ्यांवर राहते. अमेरिकी छायाचित्रकार व्हिव्हियन मायर यांनी मुले सांभाळण्याची नोकरी करता करता लाखाहून अधिक छायाचित्रे टिपली आणि ती जवळजवळ कोणालाच दाखवली नाहीत. तरीही रोलायफ्लेक्स हा वरून डोकावून पाहायचा कॅमेरा पोटाशी धरून त्या माणसांच्या किती जवळ जात असत, हे त्या चित्रांवरून सहज कळते.

छोट्या मैफलीत कोणाशी बोलण्याची सक्ती नसते, हे मात्र लेखकाने नेमके टिपले आहे. त्यात एवढीच भर घालतो की पहिल्या रांगेपेक्षा कडेची खुर्ची बरी, कारण वादक एकमेकांना नजरेने कसे खुणावतात आणि शेवटचे आवर्तन आल्याचे नुसत्या मानेने कसे सुचवतात, हे तिथून चांगले दिसते. मध्यंतरातल्या गप्पा तेवढ्या जड जातात. त्यांच्याविषयी लेखात चार ओळी हव्या होत्या.