दुबईतल्या गाड्या म्हणजे नुसती लॅम्बोर्गिनी नव्हे

दर दोन-तीन दिवसांनी कोणीतरी मला तेच ते रील पाठवतं. सोनेरी रॅप केलेली लॅम्बोर्गिनी, मागे बुर्ज खलिफा आणि सोबत प्रश्न, "तुमच्याकडे हे रोज दिसतं का रे?" दिसतं बाबांनो. डाउनटाउनला संध्याकाळी उभं राहिलात तर अर्ध्या तासात कंटाळा येईल इतकं दिसतं, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या दिवसाच्या भाड्याने आणलेल्या असतात हेही सांगून ठेवतो. पोलिसांकडेसुद्धा 2013 पासून लॅम्बोर्गिनी आहे, ती चोर पकडायला कमी आणि टुरिस्टांच्या फोटोला जास्त. नंबर प्लेटचं तर विचारूच नका, एप्रिल 2023 मध्ये 'पी 7' ही प्लेट लिलावात साडेपाच कोटी दिरहमला गेली, म्हणजे आपले सव्वाशे कोटींच्या आसपास. पैसे अन्नदानाच्या मोहिमेला गेले म्हणून गप्प बसायचं. पण ह्याला मी गाडीचं वेड म्हणत नाही. पैसा आहे, उडवतात, विषय संपला.

वेड बघायचं असेल तर थंडीत सुट्टीच्या दिवशी सकाळी सकाळी शारजातल्या अल बदायरला जा, तिथला तो लाल वाळूचा डोंगर, ज्याला सगळे बिग रेड म्हणतात. (आधी हे सगळं शुक्रवारी चालायचं, 2022 मध्ये सुट्टी शनि-रवि झाली आणि अख्खं टाइमटेबल हललं.) रस्त्याच्या कडेला लोक उकिडवे बसून टायरची हवा काढत असतात, पस्तीसवरून पंधरा पीएसआयपर्यंत, कारण टायर मऊ पडून पसरला की गाडी वाळूवरून जाते, कडक टायर नुसता जागेवर फिरून खड्डा खणतो आणि मग गाडी पोटावर बसते. मागे उंच काठीला झेंडा, कारण टेकाडाच्या पलीकडून येणाऱ्याला तुमची गाडी दिसत नाही, झेंडा दिसतो. आणि एकट्याने आत जायचं नाही म्हणजे नाही. हा नियम मोडणाऱ्याची जुनी मंडळी सगळ्यांसमोर लाज काढतात आणि बरोबरच करतात, दुपारच्या उन्हात रुतलेल्या गाडीजवळ दोन तास बसून बघा एकदा.

इथला खरा राजा म्हणजे निसान पॅट्रोल, त्यातही वाय 61 हे जुनं मॉडेल. चौकोनी डबा, पुढे-मागे सॉलिड ॲक्सल (दोन्ही बाजूंची चाकं एकाच अखंड दांड्यावर), 4.8 लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं टीबी 48 इंजिन. कंपनीने 2010 मध्ये अबू धाबीत नवीन व्ही 8 वाली पॅट्रोल आणली, तरी इकडची जनता जुनीला सोडेना, म्हणून ती सुपर सफारी नावाने पुढेही विकत राहावी लागली. त्या इंजिनाला टर्बो लावून अबू धाबीकडच्या लिव्याच्या वाळवंटातल्या तल मुरीब ह्या टेकाडावर चढवतात, जवळपास 300 मीटरची सरळ उभी वाळू, आणि पब्लिक खाली गालिचा टाकून चहा पीत बघतं. 2024 च्या नव्या पॅट्रोलमध्ये व्ही 8 काढून ट्विन टर्बो व्ही 6 टाकलं तेव्हा माझ्या ओळखीचे काही लोक घरात कोणी गेल्यासारखे बसले होते. ताकद उलट वाढलीये, 425 हॉर्सपॉवर, पण ऐकतंय कोण.

आपल्याकडचे विचारतात, नोकरदार माणसाला हे परवडतं कसं? अहो, परदेशी गाडीवर कस्टम 5 टक्के, 2018 पासून वर 5 टक्के व्हॅट. भारतात बाहेरून तयार गाडी आणायची तर गाडीच्या किमतीएवढा टॅक्सच होतो. त्यामुळे इथे अकाउंटंटकडे जुनी मस्टँग असते आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही.

मला इथलं सगळ्यात आवडतं ते कॅफेटेरियाचं प्रकरण. मल्याळी माणसाची छोटीशी टपरीवजा जागा, तुम्ही समोर गाडी लावून एकदा हॉर्न द्यायचा, पोरगा पळत येतो, काच खाली, "दो कडक, एक पराठा चिप्स ओमान" (ओमान चिप्स घातलेला पराठा), पाच मिनिटांत कागदी कपातला चहा खिडकीत. शेजारी मर्सिडीजची जी-वॅगन, पलीकडे डिलिव्हरीवाल्याची बाईक, चहा तोच. गाड्यांचं बोलणं तिथेच होतं. कोणी बॉनेट उघडतो, चार अनोळखी डोकी आत वाकतात, झाली गाडीवेड्यांची मीट.

आता मात्र मीटलासुद्धा रजिस्ट्रेशन, गाडीचे फोटो पाठवा, सिलेक्ट झाली तर पास. मागच्या सीझनला अशाच एका ठिकाणी एका पोराची जुनी निसान सनी गेटवरून परत पाठवली, स्वतः इंजिन उतरवून बांधलेली गाडी हो, आणि शोरूममधून कालच निघालेली पोर्शे आत. मी पण यू-टर्न मारला.

आणि ह्या मिरवणाऱ्या गाड्या घडवतो कोण? शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातले पठाण, मल्याळी आणि आपले रत्नागिरी-रायगडकडचे चाचा लोक. माझा पेंटर चिपळूणजवळचा आहे. बॉनेटवर बोटाची मागची बाजू फिरवून सांगतो, "हितं पुट्टी हाय, आधी ठोकलीय." रंगाची जाडी मोजायचं मशीन लावायची गरज पडत नाही. मे ते सप्टेंबर मीट बंद असतात, ह्यांचं काम 45 डिग्रीत चालूच. पण शोमध्ये गाडीसमोरच्या पाटीवर मालकाचं नाव, रिम्सचा ब्रँड, एक्झॉस्टचा ब्रँड, पेंट कोणी मारला ते कुठेच नाही. हे मला खटकतं, त्या पाटीवर एक ओळ वाढवायला किती खर्च येतो?

रात्री दोन वाजता बिल्डिंगखाली एक्झॉस्टचे फटाके फोडणाऱ्यांबद्दल मात्र मला अजिबात दया नाही. आवाजाला 2000 दिरहम दंड आणि लायसन्सवर 12 ब्लॅक पॉइंट आहेत, आणि बेफाम चालवून दुबईत गाडी जप्त झाली तर सोडवायला 50,000 दिरहम, म्हणजे आपले अकरा-बारा लाख. घ्या अजून. वाळवंट पंचेचाळीस मिनिटांवर आहे, तिकडे जाऊन काय ते बोंबला.

बाकी व्ही 6 वाल्यांनी कमेंटमध्ये भांडायला खुशाल यावं, फक्त आधी वाळूत टायरची हवा किती ठेवता ते लिहा. पंचवीस म्हणालात तर पुढचं वाचणार नाही.