सामुराईवर पुस्तक सांग ना मामा

भाच्याने परवा एक रील पाठवली. बुशिदोचे, म्हणजे जपानच्या सामुराई योद्ध्यांच्या आचारधर्माचे, सात नियम, पाऊस पडतोय, मागे ढोल, आणि खाली मेसेज, मामा यावर एखादं चांगलं पुस्तक सांग ना. अकरावीत आहे तो. मी लगेच टाइप करायला घेतलं आणि थांबलो, कारण मी स्वतः या विषयात भलत्याच दारातून शिरलो होतो आणि बाहेर यायला तीन वर्षं लागली.

माझं पहिलं पुस्तक इनाझो नितोबेंचं 'बुशिदो'. रीलवाले ते नियम फिरून फिरून तिथूनच येतात. पुस्तक वाईट नाहीये हो, पण ते १९०० च्या आसपास अमेरिकेत राहून थेट इंग्रजीत लिहिलंय, गोऱ्या वाचकासाठी. लेखक शेतीच्या अर्थशास्त्रातला माणूस, धर्माने ख्रिश्चन, बायको अमेरिकन. १८६८ ला शोगुनशाही, म्हणजे लष्करी सरदार शोगुनची राजवट, गेली तेव्हा ते सहा वर्षांचे होते. शाळेत धर्म शिकवत नाही मग पोरांना नीती कशी शिकवता, असं एका बेल्जियन गृहस्थाने त्यांना विचारलेलं, त्याचं हे लांबलचक उत्तर. उत्तर म्हणून झकास, पण सगळ्या सामुराईंना लागू असा लेखी नियमांचा संच कधी नव्हताच.

मग 'हागाकुरे' घेतलं, एका सामुराईचे बोल. मरणाची तयारी वगैरे, वाचताना अंगावर काटा येतो. नंतर कळलं की हे सांगणारा यामामोतो त्सुनेतोमो आयुष्यात एकही लढाई लढला नव्हता. १७१० च्या आसपास तो हे सांगत होता, तेव्हा शेवटचं मोठं युद्ध होऊन सत्तर वर्षं उलटलेली. १७०० मध्ये मालक वारला, त्याच्यामागे जीव द्यायची याची इच्छा, पण त्यावर बंदी, मग हा संन्यासी झाला. म्हणजे जुने दिवस काय होते राव, असं म्हणणारा माणूस.

आपल्याकडे शिवकाळावर कुणी काही टाकलं की पहिली कमेंट येते, साधन काय? बखर की अस्सल पत्र? आणि तेच आपण जपानचं म्हटलं की कुणीही तलवार घेऊन उभा दिसला की शेअर करतो. मी पण केलंय.

म्हणून भाच्याला म्हटलं, आधी ताकेझाकी सुएनागा वाच, तेराव्या शतकातला सामुराई. १२७४ ला मंगोल जपानच्या दक्षिणेकडच्या क्युशू बेटावर उतरले तेव्हा हा फक्त पाच स्वार घेऊन त्यांच्यावर धावून गेला, घोडा पडला, स्वतः जखमी झाला, दुसऱ्याच्या तुकडीने वाचवला. एवढं करून बक्षीस नाही! मग गड्याने घोडे-खोगीर विकून प्रवासाचे पैसे उभे केले आणि थेट शोगुनशाहीचं ठाणं कामाकुरा गाठलं, अधिकाऱ्यासमोर बसून माझं नाव अहवालात का नाही म्हणून भांडला आणि जमिनीचा हक्क घेऊनच परतला. १२८१ ला मंगोल परत आले तेव्हा याच्याकडे शिरस्त्राण नाही म्हणून पायाचे नडगीवरचे पत्रे डोक्याला बांधले, आणि दुसऱ्याच्या होडीत जागा मिळावी म्हणून चक्क थाप मारली. हे सगळं त्याने स्वतः चित्रांच्या गुंडाळीत काढून घेतलंय. धनुष्य आणि घोडा, हेच त्या काळच्या सामुराईचं खरं काम, तलवारीचा नंबर नंतर. थॉमस कॉनलनने त्याचं इंग्रजी भाषांतर केलंय, सोबत त्या काळच्या मोहिमेचे कागदही आहेत, आणि कागद म्हणजे काय तर बरेचसे मी लढलो, मला अमुक द्या.

आणि दुसरा माझा सगळ्यात लाडका, कात्सु कोकिची. १८४३ मध्ये स्वतःची कहाणी लिहिली, माझ्यासारखं वागू नका हे पोराबाळांना सांगायला. शोगुनच्या पदरचा सामुराई, पण वर्षाला जेमतेम ४१ कोकू तांदूळ, एक कोकू म्हणजे साधारण दीडशे किलो. चौदाव्या वर्षी घरातून पळाला, रस्त्याने भीक मागत फिरला. एकविसाव्या वर्षी परत पळाला तेव्हा बापाने घरातच पिंजरा करून तीन वर्षं कोंडला. नोकरी कधी लागली नाही, जुन्या तलवारींची दलाली करायचा, मारामाऱ्या, उधाऱ्या. याचाच मुलगा कात्सु काइशू, ज्याने १८६८ ला एडोचा (आजचं टोकियो) शोगुनचा किल्ला बोलणी करून शांतपणे सोडला. तेरुको क्रेग यांचं इंग्रजी भाषांतर दीडशे-दोनशे पानांचं, एका रविवारात संपतं.

तिसरा माणूस आपल्या शेजारचा. लुईस फ्रोइस, पोर्तुगीज पाद्री, १५४८ ला गोव्यात आला, तिथेच शिकला, दीक्षाही गोव्यातच, आणि १५६३ ला जपानला पोचला. त्या काळचा बलाढ्य सरदार ओदा नोबुनागा, त्याला हा समोरासमोर भेटलाय. याच्या लिखाणात गंमत अशी की त्याला सगळं दिसतं, आम्ही नाक अंगठ्याने नाहीतर पहिल्या बोटाने कोरतो, जपानी करंगळीने, हेसुद्धा नोंदवलंय! अर्थात बौद्ध भिक्षूंबद्दल लिहितो तिथे चिमूटभर नाही, मूठभर मीठ घेऊन वाचायचं, पाद्रीच तो.

नोबुनागावर अजून हवं असेल तर त्याच्याच पदरी असलेल्या ओता ग्युइचीने लिहिलेला वृत्तांत इंग्रजीत आहे, मी किंमत बघून टॅब बंद केला आणि मग लायब्ररीत शोधला. १५७५ च्या नागाशिनोच्या लढाईत तीन हजार बंदुका तीन रांगांत आळीपाळीने चालल्या असं सगळीकडे सांगतात ना, त्या तीन रांगा ग्युइचीत नाहीतच, त्या नंतरच्या लेखकाने, ओझे होआनने, घातल्या. चिलखतं-तलवारी नुसत्या बघायच्या असतील तर जपानच्या राष्ट्रीय संग्रहालयांची कोलबेस साइट फुकट आहे, रात्री उघडू नका, दोन वाजतात.

भाच्याचा काल मेसेज आला, मामा, हा कोकिची तर आपल्या बाळूकाकांसारखा आहे. बाळूकाका या पोस्टवर येतील, त्यांना सांगू नका. पुस्तक सध्या त्याच्याकडे आहे, पुढचा नंबर कुणाला हवाय ते कमेंटमध्ये लिहा, परत द्यायच्या बोलीवर.