डबा टाकू नका, पोट आहे ना!

परवा घरच्यांनी माझं सूप आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात ओतून मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं. बाहेर काढलं तर डब्याची एक कड आत वाकलेली आणि सुपाला नव्या खेळण्यांचा वास. वर ऐकवलं, "काही होत नाही, खा!" त्याच चालीवर हे काही सल्ले.

डबा कधीही पालथा करून बघू नका. तळाला त्रिकोणात प्लास्टिकचा प्रकार सांगणारा 1 ते 7 मधला एक आकडा असतो. माझ्या डब्यावर 6 होता, म्हणजे पॉलिस्टायरीन. थर्मोकोलचं सख्खं भावंड, शंभर अंशांच्या आसपास मऊ पडणारं. पण आकडे वाचत बसलं तर सूप गार होतं.

ओरखडे पडलेला डबा तारेच्या घासणीने आणखी घासा.

पाण्याची बाटली उन्हातल्या गाडीत विसरा, मग त्यातलंच पाणी प्या.

'बीपीए फ्री' दिसलं की डोळे मिटून विकत घ्या. हे बीपीए, म्हणजे बिस्फेनॉल ए नावाचं रसायन, पॉलिकार्बोनेट या कडक, पारदर्शक प्लास्टिकमध्ये असतं. बाळांच्या बाटल्यांतून युरोपने ते 2011 साली हटवलं, अमेरिकेने 2012 साली. 2023 मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने त्याची रोजची सुरक्षित मर्यादा तब्बल 20,000 पटींनी खाली आणली. मग कारखान्यांनी काय केलं? काही ठिकाणी बिस्फेनॉल एस घातलं, त्याचंच चुलत भावंड, आणि लेबल छापून मोकळे! आणि पॉलिप्रॉपिलीन या दुसऱ्याच प्लास्टिकच्या डब्यावर हे लेबल कशाला? त्यात बीपीए घालतच नाहीत. पाण्याच्या बाटलीवर 'साखरविरहित' लिहावं तसं झालं हे. तरी आपण दोन पैसे जास्त मोजून तोच उचलणार, आणि 'मायक्रोवेव्ह सेफ' वाचून निश्चिंत होणार. अहो, डबा वितळला नाही म्हणजे त्यातून काही झिरपलं नाही, असं कुणी सांगितलं तुम्हाला?

पुरे झाली थट्टा. तुमच्या डब्याला तो केशरी डाग पडलाय ना, साबणाने सात वेळा घासूनही न गेलेला? तेल रंग घेऊन प्लास्टिकच्या आत शिरलंय. तेल आत जाऊ शकतं, तर आतलं बाहेर का येणार नाही? गरम, तेलकट, आंबट, तिन्ही एकदम त्यात भरता आणि वर शिजवता! काचेचा वाडगा पुढच्याच फळीवर होता. हात लांब करायचा कंटाळा, दुसरं काय!

तो वाकडा डबा मी दोनदा कचऱ्यात टाकला. दोन्ही वेळा धुऊन, पुसून परत ओट्यावर. काल त्यात उरलेली आमटी होती, गरमागरम.